चार घांस कमी, एक पेला पाणी

[नभोवाणीवरील भाषण]



पाणी पिऊन भूक आवरतां येते काय, आणि भूक आवरून वाढतें वजन ताब्यांत ठेवतां येतें काय, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय दिसावयास साधा. पाण्यासारखाच पातळ म्हणा ना! परंतु घरोघरीं त्याची चर्चा चालू आहे. जेवणापूर्वीं दोन पेले पाणी घ्या म्हणजे चरबी झडते, असें एकजण सांगतो. जेवतांना पाण्याचा थेंबहि घेऊं नका, जठराग्नि विझेल, असें दुसरा बजावतो. पहांटे उठून तांब्याभर ऊन पाणी घ्या, मग दिवसभर काय वाटेल तें खा, असा तिसऱ्याचा उदार सल्ला असतो. हे तिन्ही उपदेश पुष्कळदां एकाच पंगतींत ऐकूं येतात, आणि ऐकणारा बिचारा भांडें हातांत धरून विचारांत पडतो.

विचारांत पडण्यासारखी परिस्थितीहि आहे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या दरम्यानच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा २४ आणि पुरुषांपैकीं शेंकडा सुमारे २३ जणांचें वजन प्रमाणाबाहेर आढळलें. शहरांतल्या स्त्रियांत हेंच प्रमाण शेंकडा ३३ होतें. म्हणजे तिघींत एक. मात्र याच पाहणींतील दुसरा एक आंकडा आपण विसरूं नये. शेंकडा सुमारे १९ स्त्रिया असाव्यात त्याहून कृश होत्या. एकाच देशांत, एकाच वर्षीं, एकीला अन्न अधिक होत होतें आणि दुसरीला तें पुरत नव्हतें. या दुसऱ्या आंकड्याकडे मी शेवटीं पुन्हां येणार आहें.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं आधीं आपण मावळांत जाऊं. पुणें-लोणावळें मार्गावरील मळवली स्थानकावर उतरून दक्षिणेकडे निघालें कीं थोड्याच वेळांत भाजें गांव लागतें. गांवावरच्या डोंगरांत बावीस बौद्ध लेणीं आहेत. वर विसापूरचा कडा, बाजूस लोहगड, आणि समोर इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडे कार्ल्याचा डोंगर. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकापासून येथें वस्ती होती. चैत्यगृहाची ती भव्य कमान आणि छताला बसविलेल्या लांकडी फांसळ्या पाहून प्रवासी थक्क होतो, छायाचित्रें घेतो आणि खालीं उतरतो. परंतु खडकांत खोदलेल्या पाण्याच्या टांक्यांपाशीं फारसा कोणी थांबत नाहीं. मला आज त्या टांक्यांविषयींच सांगावयाचें आहे.

मावळांत पाऊस असा पडतो कीं चार महिने सारा डोंगर पाझरत असतो. आणि दिवाळी सरली कीं तेच पाझर एकेक करून आटूं लागतात. डोंगराच्या पोटांत बारा महिने राहावयाचें तर पावसाळ्याचें पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरविलें पाहिजे, हें लेणीं कोरणारांनीं ओळखलें आणि राहण्याच्या खोल्यांबरोबर पाण्याचीं टांकींहि कोरलीं. त्यांपैकीं एका टांक्यावर ब्राह्मी लिपींत दात्याचें नांव आहे. महारठी कौशिकीपुत्र विण्हुदत्त असा तो गृहस्थ. त्या लेखांत टांक्याला 'पोढि' असा शब्द वापरला आहे, आणि ही पोढि आपलें धर्मदान होय, असा लेखाचा आशय आहे. विचार करा: ज्या काळीं कोणी स्तंभ देत होतें, कोणी खोली देत होतें, त्या काळीं या मानकऱ्याला पाण्याचें टांकें देणें हें तितक्याच तोलाचें पुण्य वाटलें. आपण आज नळाची तोटी फिरवितों, तेव्हां त्या महारठ्याची आठवण ठेवावयास हरकत नाहीं.

हें पाणी पिणाऱ्या भिक्षूंचा दिनक्रम कसा होता? विनयाचे नियम आपणांस ठाऊक आहेत. सकाळीं पात्र घेऊन गांवांत जावें, गृहस्थ जें देतील तें घ्यावें, आणि दोन प्रहरांच्या आंत भोजन उरकावें. मध्यान्ह टळल्यानंतर दुसऱ्या दिवसाच्या अरुणोदयापर्यंत घनान्न वर्ज्य. पाण्याला मात्र केव्हांहि मनाई नाहीं. इतकेंच नव्हे, तर पाणी गाळून घेण्याचें फडकें हें भिक्षूच्या मोजक्या आठ वस्तूंपैकीं एक मानलेलें आहे. अठरा तास अन्नावांचून काढणाऱ्या माणसाला भुकेची ओळख आपल्यापेक्षां अधिक असणार, यांत शंका नाहीं. म्हणून भुकेविषयीं त्या परंपरेंत काय सांगितलें आहे, हें ऐकण्यासारखें आहे.

'थेरगाथा' या पाली ग्रंथांत सारिपुत्त या थोर शिष्याच्या तोंडीं एक विचार घातलेला आहे. त्याचा आशय असा कीं, पोट भरावयास अजून चार-पांच घांस उरले असतां थांबावें आणि वर पाणी प्यावें. साधकाला सुखानें राहावयास तेवढें पुरे. श्रोतेहो, या उपदेशांतला क्रम लक्षांत घ्या. आधीं जेवण आहे, मग थांबणें आहे, आणि शेवटीं पाणी आहे. जेवणाऐवजीं पाणी प्या, असें तो म्हणत नाहीं. चार घांसांची जागा पाणी घेतें. चाळीस घांसांची नव्हे. पुढें मी जें सांगणार आहें, त्याचें सारें मर्म या क्रमांत आहे.

याच परंपरेंतली एक गोष्ट अधिक गमतीची आहे, आणि ती 'संयुक्तनिकाया'त आलेली आहे. कोसल देशाचा राजा पसेनदि हा द्रोणभर भात खाणारा. असा जेवून तो एकदां धापा टाकीत बुद्धांच्या भेटीला आला. राजाची ती अवस्था पाहून बुद्धांनीं, जो सावध राहून प्रमाणांत जेवतो त्याच्या व्यथा कमी होतात व त्याचें आयुष्य जपलें जातें, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजानें काय करावें? त्यानें आपल्या पाठीशीं उभ्या असलेल्या सुदस्सन नांवाच्या तरुणाला ती पाठ करावयास सांगितली, आणि रोज आपण जेवावयास बसलों कीं ती म्हणून दाखवावी, असें ठरवून दिलें. या कामाबद्दल त्याला दररोज शंभर कार्षापण मिळूं लागले. हळूहळू राजा द्रोणावरून नाळीभर भातावर आला. द्रोण हें मोठें माप, नाळी हें त्या मानानें अगदीं लहान. शरीर हलकें झालें, तेव्हां अंगावरून हात फिरवीत त्यानें बुद्धांचे उपकार मानले.

या गोष्टींत पाण्याचा थेंबहि नाहीं; आणि तरी ती आपल्या विषयाची आहे. राजाला भाताचें माप कळत नव्हतें असें नाहीं. घांसामागून घांस जात असतां मध्यें थांबविणारें कोणी नव्हतें, ही त्याची अडचण होती. तें काम सुदस्सनानें केलें. शंभर कार्षापणांचा नोकर ठेवणें आपणांस परवडणार नाहीं. परंतु ताटाशेजारचा पाण्याचा पेला तेंच काम फुकट करूं शकतो. आपल्या घरांत जेवणापूर्वीं ताटाभोंवतीं पाणी फिरवून आपोशन घेण्याची चाल होती व कांहीं घरीं अजून आहे. त्या आचमनभर पाण्यानें पोट भरत नाहीं, हें उघड आहे. पण हात ताटाकडे धांवत असतां तो क्षणभर थांबतो, हा लाभ कांहीं लहान नाहीं.

आतां आयुर्वेदाकडे वळूं. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त या विषयावर स्पष्ट मत दिलें आहे. भोजनाच्या आरंभीं पाणी पिणारा कृश होतो, मध्यें पिणारा सम राहतो, आणि शेवटीं पिणारा स्थूल होतो, असें तो म्हणतो. दुसऱ्या एका ठिकाणीं त्यानें पोटाचे चार भाग कल्पिले आहेत: दोन भाग अन्नानें भरावेत, एक पाण्यानें, आणि चौथा वायूच्या हालचालीसाठीं मोकळा ठेवावा. या ग्रंथावर तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि, म्हणजे आपला हेमाडपंत, यानें 'आयुर्वेदरसायन' नांवाची टीका लिहिली; तेव्हां महाराष्ट्रांत हा विचार कांहीं आजचा नव्हे. सारिपुत्ताचें पाणी जेवणाच्या शेवटीं, वाग्भटाचें आरंभीं. हा विरोध दिसतो खरा. परंतु पोट पूर्ण भरूं नये, आणि अन्नाच्या जागेचा कांहीं भाग पाण्याला द्यावा, याविषयीं दोघांचें एकमत आहे.

जुन्या वचनांचा मान राखावा, आणि त्यांची परीक्षाहि घ्यावी. भाज्यापासून जवळच, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन केलें तें याच वृत्तीनें. योगांतील क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हें त्यांनीं यंत्रांच्या साहाय्यानें तपासावयास घेतलें. पाण्याच्या प्रश्नाचीहि अशी परीक्षा झालेली आहे.

अमेरिकेंत व्हर्जिनिया येथें ब्रेंडा डेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेला प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध झाला. पंचावन्न ते पंचाहत्तर वर्षांच्या अठ्ठेचाळीस स्थूल स्त्री-पुरुषांना बारा आठवडे मित आहार दिला. त्यांपैकीं एका गटानें प्रत्येक मुख्य जेवणापूर्वीं अर्धा लिटर पाणी प्यावयाचें होतें; दुसऱ्यावर तसें बंधन नव्हतें. बारा आठवड्यांनीं पाणी पिणाऱ्या गटाचें वजन दुसऱ्यापेक्षां सुमारे दोन किलो अधिक उतरलें. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें हेलन पॅरेटी यांनीं केलेला दुसरा प्रयोग २०१५ सालचा. त्यांत चौऱ्यांशीं माणसें होतीं. एका गटानें जेवणापूर्वीं अर्धा तास अर्धा लिटर पाणी घ्यावयाचें. दुसऱ्यानें आपलें पोट भरलें आहे अशी नुसती कल्पना करावयाची! येथेंहि बारा आठवड्यांनीं फरक पडला, तो सुमारे एक किलो तीनशें ग्रॅमचा.

दोन किलो किंवा सव्वा किलो म्हणजे फार झालें कीं थोडें झालें? आपण हिशेबच मांडूं. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानानें सात हजार सातशें उष्मांक. सव्वा ते दोन किलोंचा हा फरक चौऱ्यांशीं दिवसांवर वांटला, तर रोजचे सुमारे सव्वाशें ते पावणेदोनशें उष्मांक होतात. मध्यम आकाराच्या एका पोळींत सुमारें शंभर उष्मांक असतात. म्हणजे पाण्यानें काय केलें? दिवसाकाठीं पोळी-दीड पोळी कमी करविली. तीन जेवणांवर ती वांटली, तर प्रत्येक जेवणामागें दोन-चार घांस! मावळांतल्या भिक्षूंच्या परंपरेंतलें उत्तर आणि आजच्या प्रयोगशाळेचें उत्तर इतकें जवळ यावें, याचें मला कौतुक वाटतें. परंतु तितकेंच हेंहि खरें, कीं यांत चमत्कार कोठेंच नाहीं. पाण्यानें चरबी वितळली नाहीं. चार घांस कमी गेले, एवढेंच.

हें घडतें कसें? १९१२ सालीं हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञानें आपला विद्यार्थी वॉशबर्न याला एक रबरी फुगा गिळावयास लावला आणि तो पोटांत फुगवून त्यावर पडणारा दाब मोजला. भुकेची कळ आणि जठराचें आकुंचन यांचा मेळ असतो, असें त्याला दिसलें. त्यानंतर या ज्ञानांत पुष्कळ भर पडली. जठर ताणलें गेलें कीं मज्जातंतूंच्या द्वारें मेंदूला वर्दी जाते. शिवाय १९९९ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं शोधून काढलेल्या 'घ्रेलिन' या द्रव्यासारखे रक्तांतले निरोपेहि भुकेचा संदेश नेत असतात. पाणी यांपैकीं पहिल्या वाटेनें काम करतें. तें जठर ताणतें. परंतु साधें पाणी जठरांत फार वेळ टिकत नाहीं. अर्धेंअधिक पाणी दहा-वीस मिनिटांत पुढें सरकतें. म्हणूनच वयाप्रमाणें परिणाम बदलतो. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, जेवणापूर्वीं अर्धा तास पाणी पिऊन साठीच्या पुढील माणसें कमी जेवलीं, पण तरुणांवर त्याचा परिणाम झाला नाहीं; कारण वृद्धांचें जठर सावकाश रिकामें होतें. २०१६ सालच्या एका इंग्रजी प्रयोगांत तरुणांनीं जेवणाच्या अगदीं तोंडावर पाणी घेतलें, तेव्हां मात्र तेहि कमी जेवले.

जेवतांना पाणी घेतल्यानें जठराग्नि विझतो काय? निरोगी माणसानें त्याची धास्ती बाळगूं नये. जठर आपल्या गरजेप्रमाणें आम्ल पाझरवीत राहतें आणि जादा पाणी लौकर पुढें जातें. थंड पाणी प्यालें असतां तें ऊन करण्यांत शरीराची चरबी जळते, हें म्हणणें मात्र तपासून पाहावें. बर्फासारखें गार अर्धा लिटर पाणी शरीराच्या उष्णतेपर्यंत आणावयास अठरा-एकोणीस उष्मांक पुरतात. चहाच्या एका चमचाभर साखरेंत वीस असतात. तेव्हां बर्फाचें पाणी पिऊन कृश होण्याची आशा धरणें म्हणजे चमचाभर साखरेचें ऋण फेडण्यासाठीं हिमालयाची यात्रा करणें होय.

श्रोतेहो, पाणी पेल्यांतूनच प्यावें लागतें असें नाहीं. गृहिणींच्या उपयोगाचा एक प्रयोग मी येथें सांगतों. पेनसिल्व्हेनियांत बार्बरा रोल्स यांनीं १९९९ सालीं चोवीस स्त्रियांना तीन निरनिराळ्या दिवशीं जेवणापूर्वीं तीन प्रकार दिले. एके दिवशीं कोंबडी व भात यांचा घट्ट पदार्थ. दुसऱ्या दिवशीं तोच पदार्थ आणि सोबत पेलाभर पाणी. आणि तिसऱ्या दिवशीं तेंच पाणी त्याच पदार्थांत घालून केलेलें सूप. साहित्य तेंच, पाणीहि तेवढेंच. परंतु सूप घेतलें त्या दिवशीं पुढचें जेवण सुमारे पाव हिश्शानें कमी झालें. शेजारीं पेला ठेवून पाणी प्याल्यानें तसें झालें नाहीं. अन्नांत मिसळलेलें पाणी अन्नाबरोबर जठरांत थांबतें, डोळ्यांना वाटी भरलेली दिसते, आणि जेवण सावकाश होतें.

हें वाचून आपल्या आजीबाईंना हंसूं येईल. आमटी, सार, कढण, कढी, पेज, आंबील, ताक, पातळ पालेभाजी! मराठी स्वयंपाकघरानें अन्नांत पाणी घालण्याची कला कधींच साधलेली आहे. मावळच्या शिजलेल्या भातांतहि दोन तृतीयांशांहून अधिक भाग पाणी असतो. याच्या उलट, लोणावळ्यास गाडी थांबली कीं आपण जी चिक्की घेतों, तिच्यांत पाणी जवळ जवळ नाहींच. शंभर ग्रॅम चिक्कींत सुमारे पांचशें उष्मांक. आणि शंभर ग्रॅम काकडींत अवघे पंधरा. चिक्की वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. डोंगर चढून उतरलेल्या मुलाला ती द्यावीच. परंतु फरसाण, शेव, चिवडा, चिक्की यांसारखे कोरडे पदार्थ बसल्या बसल्या संपतात आणि पोटाला कळतहि नाहींत; सार-भाताचें तसें होत नाहीं. वजनाची काळजी असलेल्या घरानें जेवणाचा आरंभ सारानें, ताकानें किंवा कोशिंबिरीनें करावा. पाणी पिण्याचा हा सर्वांत शहाणा प्रकार होय.

दुसरा शहाणा प्रकार म्हणजे, गोड पेयाच्या जागीं पाणी. दोन चमचे साखरेच्या एका कपांत नुसत्या साखरेचे चाळीस उष्मांक होतात. असे चार कप दिवसांत झाले, तर एकशें साठ! जेवणाआधीं पाणी पिऊन मोठ्या कष्टानें जें साधलें, तें चहाच्या साखरेनें बिनबोभाट परत केलें. बाटलींतल्या तीनशें मिलिलिटर गोड पेयांत तर सुमारे सहा-सात चमचे साखर असते. भाज्याच्या पायऱ्या चढून आलेला प्रवासी तहानेलेला असतो. त्याला हवें असतें पाणी, आणि हातीं येतें साखरेचें शीतपेय. तहान पाण्यानें भागवावी आणि भूक अन्नानें, हा साधा भेद आपण पाळला, तरी वजनाचा अर्धा प्रश्न सुटेल.

मग रोज किती पाणी प्यावें? आठ पेल्यांचा नियम आपण सर्वांनीं ऐकला आहे. १९४५ सालीं अमेरिकेंतील अन्न व पोषण मंडळानें प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागतें, असें लिहिलें. परंतु त्याच्या लगेच पुढें, यांतील बराचसा भाग शिजविलेल्या अन्नांतूनच मिळतो, असेंहि सांगितलें होतें. हें दुसरें वाक्य लोक विसरले. २००२ सालीं हाइन्झ व्हाल्टिन या वैद्यकाच्या प्राध्यापकानें आठ पेल्यांच्या नियमाला आधार शोधला, तो त्याला सांपडला नाहीं. उन्हांत भात लावणाऱ्या माणसाला जें पाणी लागेल, तें पंख्याखालीं बसणाऱ्याला लागणार नाहीं. तहान लागली कीं प्यावें, लघवी फिक्या रंगाची राहील इतकें प्यावें. निरोगी माणसाला हें माप पुरे. वृद्धांना तहान कमी जाणवते, म्हणून त्यांना मात्र आठवण करून द्यावी.

अति पाणीहि घातक आहे. निरोगी मूत्रपिंडें तासाला सुमारे एक लिटरपर्यंतच जादा पाणी बाहेर टाकूं शकतात. त्याहून अधिक घाईघाईनें प्यालें, तर रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरतें, डोकें दुखूं लागतें, भ्रम होतो आणि क्वचित् प्राणावरहि बेततें. २००२ च्या बॉस्टन शर्यतींतील ४८८ धावपटूंचें रक्त तपासलें, तेव्हां शेंकडा तेरा जणांत मिठाचें प्रमाण उतरलेलें आढळलें. अति जलपान हें त्याचें मुख्य कारण. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, किंवा लघवीचें औषध चालू आहे, त्यांनीं आपल्या डॉक्टरांना विचारल्यावांचून पाण्याचें प्रमाण वाढवूं नये.

आतां आरंभीं बाजूस ठेवलेल्या त्या दुसऱ्या आंकड्याकडे येतों. पाणी पिऊन निजणें, हे शब्द मराठींत कोणाविषयीं वापरतात? ज्याच्या घरांत त्या रात्रीं चूल पेटली नाहीं त्याच्याविषयीं. पोटांतली आग पाण्यानें थोडा वेळ दबते, हें गरिबाला कोणत्याहि प्रयोगशाळेआधीं कळलेलें आहे. आणि पाण्यानें पोषण होत नाहीं, हेंहि त्यालाच आधीं कळलें. डोंगरावरच्या वाड्यांतून उन्हाळ्यांत डोक्यावर हंडा घेऊन चढ-उतार करणाऱ्या बाईला, जेवणाआधीं अर्धा लिटर पाणी प्या असें सांगणें ही थट्टा होईल. तिला पाणी जवळ हवें आणि अन्न पुरेसें हवें. एकच पेला एका घरांत औषध असतो आणि दुसऱ्या घरांत तो उणीव झांकण्याचें साधन असतो, हें उपदेश करणारांनीं विसरूं नये.

आणि ही उणीव नेहमीं गरिबाच्याच घरीं असते, असेंहि नाहीं. भरल्या घरांतली, चौदा-सोळा वर्षांची एखादी मुलगी, कोणीतरी जाडी म्हटलें म्हणून, ताटावर बसण्याचें टाळूं लागते. भूक लागली कीं पाणी पिते, पुन्हां लागली कीं पुन्हां पाणी पिते. घरांतलीं माणसें तिच्या संयमाचें कौतुक करतात. पुढें केंस गळूं लागतात, चक्कर येते, पाळी थांबते, आणि तेव्हां घर जागें होतें. आयाबायांनो, हा संयम नव्हे; हा आजार आहे, आणि तो वेळीं ओळखला तर बरा होतो. वाढत्या वयाच्या मुलांना, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना, आणि आधींच कृश असलेल्या कोणालाहि भूक मारण्यासाठीं पाणी पाजूं नये. मुलीच्या ताटांत चार घांस कमी पडत आहेत कीं चाळीस, हें आईनें न बोलतां पाहावें. आणि चाळीस पडत असतील, तर रागावण्यापूर्वीं तिला जवळ घेऊन विचारावें व डॉक्टरांकडे न्यावें.

तेव्हां सार काय? ज्याचें वजन खरोखरच अधिक आहे, आणि ज्याला डॉक्टरांची मनाई नाहीं, त्यानें जेवणाआधीं पेला-दीड पेला पाणी घ्यावें. पन्नाशीच्या पुढील माणसानें अर्धा तास आधीं घेतलें तरी चालेल. तरुणानें ताटावर बसतांना घ्यावें. जेवणाचा आरंभ पातळ सारानें किंवा ताकानें करावा. चहांतली साखर निम्मी करावी, गोड पेयाच्या जागीं पाणी ठेवावें. घांस सावकाश घ्यावेत, आणि अजून चार घांस जातील असें वाटत असतांच हात आवरावा. एवढ्यानें तीन महिन्यांत किलो-दोन किलो उतरले, तर समाधान मानावें. त्याहून अधिकाची हमी देणारावर विश्वास ठेवूं नये. आणि चालणें सोडूं नये. पाण्याला पायांची सोबत हवीच.

महारठी विण्हुदत्तानें डोंगरांत टांकें कोरविलें, तें भिक्षूंना अन्नाची उणीव भासूं नये म्हणून नव्हे. अन्न गांव देत होतें. सकाळच्या भिक्षेंत भाज्याच्या घराघरांतला घांस त्यांच्या पात्रांत पडत होता. त्या घांसांच्या जोडीला पाणी होतें, म्हणून चार घांस कमी जेवूनहि त्यांना सुखानें राहतां आलें. आपल्या ताटाशेजारीं पाण्याचा पेला ठेवतांना, तो अन्नाचा सोबती आहे, अन्नाचा शत्रु नव्हे, एवढें ध्यानांत ठेवावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.